विमान पोटासाठी उडवावे की हौसेसाठी? बेळगाव सीमाभागातील विद्यार्थी आणि पालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने तयार केली, आणि तेव्हापासून बेळगावच्या पूर्वेकडील गावांना विमानाचा आवाज नवा राहिलेला नाही. मात्र २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्याबरोबर बेळगावचेही नाव होते, आणि त्यानंतर हा विषय आपल्या घरांपर्यंत येऊन पोहोचला. खानापूरच्या पीयूसीच्या (कर्नाटकातील अकरावी-बारावीच्या) वर्गातील मुलगी, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याचा मुलगा आणि उद्यमबागेत फाउंड्री चालवणारा चाळिशीतला कारखानदार हे तिघेही आज तोच प्रश्न विचारतात: मी विमान उडवायला शिकावे का, आणि शिकलो तर ते उपजीविकेसाठी की केवळ आनंदासाठी?

या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच दिवशी देण्याची घाई बहुतेक घरांत होते, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी गोष्ट हीच आहे. नोकरीसाठी उडणारा आणि हौसेसाठी उडणारा या दोघांच्या वाटेचा पहिला भाग एकच असतो: वैद्यकीय तपासणी, कागदपत्रे, विद्यार्थी वैमानिक परवाना, सुरुवातीचे विषय आणि प्रशिक्षकाविना केलेले पहिले उड्डाण. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा खर्चिक आहे. म्हणून पायऱ्या अशा क्रमाने चढाव्यात की माघार घ्यायचीच झाली तर ती स्वस्तात घेता येईल, आणि खरा निर्णय या सामाईक भागाच्या शेवटी, स्वतःच्या अनुभवाच्या आधारे घ्यावा.

आरंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सांबऱ्याच्या हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रात हवाई सैनिक, म्हणजे आता अग्निवीरवायू, घडवले जातात. तेथे वैमानिक घडवले जात नाहीत. अग्निवीर भरती म्हणजे वैमानिक होण्याची पहिली पायरी, अशी समजूत करून घेऊन मुलांनी दोन-तीन वर्षे घालवू नयेत. ज्याला लढाऊ किंवा वाहतूक विमान लष्करात उडवायचे आहे, त्याच्यासाठी बारावीनंतर एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आणि पदवीनंतर एएफकॅट (हवाई दलाची प्रवेश परीक्षा) हे मार्ग आहेत. त्यांत प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते, पण निवड अत्यंत कठीण असते आणि तो केवळ उड्डाणाचा नव्हे, सैनिकी आयुष्याचा निर्णय असतो. येथून पुढे मी नागरी विमानोड्डाणाविषयीच लिहितो आहे.

पहिली पायरी: डोळे आणि प्रकृती

कोणत्याही संस्थेला एक रुपयाही देण्यापूर्वी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन इशिहारा चाचणी करून घ्यावी. ठिपक्यांच्या चित्रांतील आकडे वाचण्याची ही चाचणी काही मिनिटांत होते. तीत दोष आढळला तर पुढे लॅन्टर्नसारखी अधिक बारीक चाचणी असते. मात्र तीतही अपात्र ठरल्यास व्यावसायिक परवान्याचा विचार तेथेच सोडून द्यावा लागतो. चष्मा असणे ही अडचण नाही, कारण चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मर्यादेपर्यंत येत असेल तर ती ग्राह्य धरली जाते. कित्येक हुशार मुले चष्म्यामुळे उगाच मागे हटतात, आणि कित्येक जण रंगदृष्टी न तपासता शुल्क भरून बसतात.

यानंतर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यताप्राप्त डॉक्टरकडून दुसऱ्या श्रेणीची, म्हणजे क्लास टू, तपासणी होते. हौशी वैमानिकाला तेवढी पुरते. व्यावसायिक परवान्यासाठी पहिली श्रेणी, म्हणजे क्लास वन, लागते, आणि तीसाठी हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रात किंवा मान्यता मिळालेल्या मोजक्या रुग्णालयांत जावे लागते. आपल्या भागातील उमेदवार साधारणतः बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनकडे वळतात. तेथे तारीख आधी घ्यावी लागते आणि प्रतीक्षाही असते. ज्याच्या मनात नोकरीचा थोडासुद्धा विचार आहे, त्याने क्लास वनचा निकाल हाती येईपर्यंत प्रशिक्षणाचे मोठे हप्ते भरू नयेत, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. क्लास टू मिळाले म्हणजे क्लास वनही मिळेल, हे गृहीत धरता येत नाही. चाळिशी ओलांडलेल्या हौशी उमेदवाराने रक्तदाब, साखर आणि हृदय यांची तपासणी आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून करून घ्यावी आणि चालू असलेली कोणतीही औषधे लपवू नयेत.

दुसरी पायरी: कागदपत्रे

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण सीमाभागात ती विशेष त्रास देते. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर नावापुढे आद्याक्षरे असतात, आधारवर पूर्ण नाव असते, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या स्पेलिंगने येते, आणि मराठीतून कन्नडमध्ये, कन्नडमधून इंग्रजीत जाताना ‘पाटील’चे स्पेलिंगही दोन-तीन प्रकारे होते. डीजीसीएच्या ईजीसीए संकेतस्थळावर नोंदणी करताना आणि परीक्षेसाठी लागणारा संगणक क्रमांक मिळवताना दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांची बोर्डाकडून पडताळणी लागते. नावातील फरक त्या वेळी उघड झाला तर महिने वाया जातात. म्हणून सर्व कागदांवरील नाव आणि जन्मतारीख आधी एकसारखी करून घ्यावी.

शैक्षणिक अटींबाबत सांगायचे तर विद्यार्थी परवान्यासाठी वयाची १६ वर्षे पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण, खासगी परवान्यासाठी म्हणजे पीपीएलसाठी १७ वर्षे आणि दहावी, तर व्यावसायिक परवान्यासाठी म्हणजे सीपीएलसाठी १८ वर्षे आणि भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी किंवा द्वितीय पीयूसी अशी रचना आहे. वाणिज्य किंवा कला शाखेतून पीयूसी झालेल्यांनी निराश होण्याचे कारण नाही, कारण हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून स्वतंत्रपणे देता येतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी बोलण्याच्या इंग्रजीकडे आतापासून लक्ष द्यावे. वैमानिकाला इंग्रजी भाषेची किमान चौथी पातळी गाठावी लागते आणि रेडिओवरील संभाषणाची आरटीआर परीक्षाही द्यावी लागते. ही इंग्रजी साहित्यिक नसते. थोड्या, ठरलेल्या शब्दांत, न अडखळता बोलण्याचा सराव केला की ती खेड्यातील मुलांनाही उत्तम जमते.

तिसरी पायरी: पैशाचा हिशेब, पूर्ण आणि कागदावर

या पायरीवर मी अधिक वेळ थांबणार आहे, कारण आपल्या भागात हा पैसा बहुतेक वेळा शेत गहाण ठेवून किंवा विकून उभा राहतो.

देशात सीपीएलपर्यंतच्या प्रशिक्षणाला आज ५० लाख रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिक खर्च येतो. त्यात राहणे-जेवणे, परीक्षांचे शुल्क, क्लास आणि लांबलेल्या महिन्यांचा खर्च मिळवावा लागतो. परवाना हाती आल्यावर एअरबस ३२० किंवा बोईंग ७३७ सारख्या विशिष्ट विमानाचे टाईप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याची वेगळी पात्रता, घ्यावे लागते, त्यासाठी आणखी साधारण १५ ते २० लाख रुपये लागू शकतात. म्हणजे संस्थेच्या माहितीपत्रकातील आकडा हा शेवटचा आकडा नव्हे.

आता हे कर्ज धरून पाहू. ५० लाख रुपये ११ टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण ६९ हजार रुपये येतो. प्रशिक्षणाची दोन वर्षे हप्ता भरला नाही आणि त्या काळातील सुमारे ११ लाखांचे व्याज मुद्दलात मिळाले, तर पुढचा हप्ता ८४ हजारांच्या घरात जातो. विमान कंपनीत नोकरी लागल्यावर हा हप्ता फेडणे शक्य असते. प्रश्न नोकरी लागेपर्यंतच्या काळाचा आहे. म्हणून घरातील सर्वांनी एकत्र बसून एकच प्रश्न स्वतःला विचारावा: परवाना मिळाल्यानंतर दोन वर्षे नोकरी लागली नाही, तर हा हप्ता कोण आणि कशातून भरणार? या प्रश्नाला उसाच्या बिलाव्यतिरिक्त दुसरे उत्तर नसेल, तर एकदम मोठे कर्ज घेऊ नये.

या व्यवसायातील चढ-उतार तीव्र असतात. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, आणि वैमानिकांची टंचाई होणार अशा बातम्या सर्वत्र आल्या. त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्टची उड्डाणे थांबली. त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि २०२० मध्ये कोरोनाने सगळेच विमानक्षेत्र जमिनीवर आणले. कंपनी बंद पडते तेव्हा अनुभवी वैमानिक बाजारात येतात, आणि नवा परवानाधारक रांगेत मागे ढकलला जातो. प्रशिक्षणाला दोन वर्षे लागत असल्याने, आजची तेजी पाहून घेतलेल्या निर्णयाचे फळ त्या वेळच्या बाजारावर अवलंबून राहते.

हौशी वैमानिकाचा हिशेब वेगळा असतो. पीपीएलसाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते. तासाला १५ हजार रुपये दर धरला तर उड्डाणाचेच ६ लाख होतात, आणि इतर खर्च व लागणारे जादा तास धरून ही रक्कम ८ ते १० लाखांपर्यंत जाते. त्यानंतर हात आणि डोळे तयार राहावेत म्हणून महिन्याला दोन तास जरी उडायचे म्हटले, तरी वर्षाला ३ लाख ६० हजार रुपये लागतात. परवाना मिळाला की खर्च संपला, असे येथे होत नाही. खासगी परवान्यावर भाडे किंवा मोबदला घेऊन कोणाला नेता येत नाही, त्यामुळे हा खर्च दुसऱ्या उत्पन्नातूनच भागवावा लागतो. दरवर्षी इतकी रक्कम मनाला न टोचता बाजूला काढता येत नसेल, तर त्या उमेदवाराने पीपीएलऐवजी पुढे सांगितलेल्या स्वस्त पर्यायांचा विचार करावा.

चौथी पायरी: दोन्ही आयुष्यांतील साधा दिवस समजून घेणे

‘मला उडायला आवडते’ हे वाक्य दोन्ही वाटांना सारखेच लागू पडते, म्हणून निर्णयासाठी ते उपयोगाचे नाही. कोणता दिवस तुम्ही वर्षानुवर्षे, न कंटाळता जगू शकाल, हे तपासणे अधिक उपयुक्त ठरते.

विमान कंपनीच्या वैमानिकाचा दिवस कधीकधी पहाटे तीनला गाडी दाराशी येण्याने सुरू होतो. हवामानाचे अहवाल, इंधनाचा निर्णय, चेकलिस्ट, ठरलेल्या मार्गाने आणि ठरलेल्या उंचीने उड्डाण, ऑटोपायलटवर बारीक नजर, पुन्हा उतरणे, आणि हेच त्या दिवशी तीन-चार वेळा. नियमानुसार वर्षाला १००० तासांपेक्षा अधिक उड्डाण करता येत नाही आणि आठवड्याला सलग ४८ तासांची विश्रांती ठरलेली आहे, पण ती विश्रांती रविवारी किंवा सणाच्या दिवशी मिळेल असे नाही. नोकरीचे ठिकाण बहुधा बेंगळुरू, मुंबई, दिल्ली किंवा हैदराबाद असते. बेळगावचे विसर्जन पाहायला यायचे की नाही, हे रोस्टर, म्हणजे कंपनीने आखलेले कामाचे वेळापत्रक, ठरवते. दर वर्षी वैद्यकीय तपासणी आणि ठरावीक काळाने सिम्युलेटरवरील परीक्षा असते, आणि त्यांत अपयश आले तर उत्पन्न थांबते. नोकरी बदलायची तर सहवैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष आधी सूचना द्यावी लागते. शिस्त, पुनरावृत्ती आणि नेमकेपणा ज्याला मनापासून आवडतो, तो या आयुष्यात रमतो. ज्याला मोकळेपणा हवा आहे, त्याला ते दोन-तीन वर्षांत जड वाटू लागते.

हौशी वैमानिक दिवस आणि दिशा स्वतः निवडतो. हिवाळ्यातील स्वच्छ सकाळी राकसकोपचे पाणी, खानापूरचे जंगल आणि पश्चिमेची घाटरांग वरून पाहण्याचा आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे, आणि त्या आनंदाला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही. मात्र त्याच्यामागे कंपनीची यंत्रणाही उभी नसते. हवा बिघडत असताना परत फिरावे की नाही, हे त्याला एकट्यालाच ठरवावे लागते, आणि बरोबर पाहुणे असले की ‘जाऊन येऊ’ असे म्हणण्याचा मोह वाढतो. कमी सराव आणि हा मोह यांतून हौशी उड्डाणातील खरे धोके निर्माण होतात. ‘आज नको’ असे चारचौघांत शांतपणे म्हणण्याचा स्वभाव नसेल, तर ती सवय आधी लावून घ्यावी.

पाचवी पायरी: सामाईक भाग पूर्ण करून मग निर्णय

वैद्यकीय तपासणी, कागदपत्रे आणि हिशेब जमल्यावर विद्यार्थी परवाना घेऊन उड्डाण सुरू करावे. सीपीएलसाठी आधी पीपीएल घेण्याची सक्ती नाही. तरीही पहिले सोलो, म्हणजे प्रशिक्षकाविना केलेले, उड्डाण आणि त्यानंतरचे काही तास हा स्वतःला पारखण्याचा टप्पा मानावा. या काळात तीन गोष्टी लक्षपूर्वक पाहाव्यात. चूक दाखवून दिल्यावर तुम्ही ती पुढच्या उड्डाणात सुधारता का; हवामानशास्त्र आणि नेव्हिगेशनचा अभ्यास ओझे वाटतो की कुतूहल वाढवतो; आणि उड्डाण रद्द झालेल्या दिवशी तुम्ही हँगरमध्ये थांबून काही शिकता की घरी निघून जाता. तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते, कारण प्रशिक्षणात उडण्यापेक्षा वाट पाहण्याचे दिवस अधिक असतात.

संस्था निवडताना स्वतः दोन दिवस जाऊन बसावे. प्रत्यक्ष उडणारी विमाने किती आणि दुरुस्तीसाठी उभी किती, प्रशिक्षक किती, गेल्या तुकडीला २०० तास पूर्ण करायला खरोखर किती महिने लागले, हे कार्यालयाबरोबरच विद्यार्थ्यांनाही विचारावे. अपघात आणि सक्तीने उतरवलेल्या विमानांची माहिती मोकळेपणाने दिली जाते का, हेही पाहावे. २०२५ पासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी जाहीर करते, ती वाचावी. शुल्क तासांनुसार किंवा छोट्या हप्त्यांत भरता यावे, आणि मध्येच थांबल्यास न उडालेल्या तासांचे पैसे परत मिळावेत, हे लेखी घ्यावे. सगळी रक्कम आधी भरल्यास सूट देऊ, असा प्रस्ताव आला तर तो नाकारावा, कारण ज्या टप्प्यावर तुम्हाला थांबण्याची मोकळीक हवी असते, नेमक्या त्याच टप्प्यावर तो तुम्हाला बांधून ठेवतो.

बेळगावातच शिकावे का, असे अनेक जण विचारतात. घरी राहण्याचा खर्च वाचतो, हे खरे आहे. पण येथील पाऊस लक्षात घ्यावा लागतो. दृश्य नियमांनुसार, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहत, उडण्यासाठी साधारणपणे ५ किलोमीटर दृश्यमानता लागते, आणि जून ते सप्टेंबर या काळात घाटाकडून येणारे ढग कित्येक दिवस ती मिळू देत नाहीत. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी हवा विरळ होऊन छोट्या विमानाला उड्डाणासाठी अधिक धावपट्टी लागते आणि चढण्याचा वेग कमी होतो. या परिस्थितीत शिकलेला विद्यार्थी हवामानाची आणि विमानाच्या क्षमतेची कदर करायला लवकर शिकतो, असे मला वाटते. बारामती, गोंदिया किंवा बेंगळुरूचे जक्कूर हे इतर पर्यायही पाहून तुलना करावी.

नोकरीची वाट निवडल्यास

डीजीसीएच्या लेखी परीक्षांत एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन आणि टेक्निकल हे विषय असतात आणि प्रत्येकात ७० टक्के गुण लागतात. माझा सल्ला असा की यांपैकी बहुतेक विषय मोठे हप्ते सुरू होण्यापूर्वीच उत्तीर्ण व्हावेत. परीक्षांचा खर्च उड्डाणाच्या तुलनेत नगण्य आहे, आणि उड्डाण संपल्यावर पेपर अडकून पडलेला उमेदवार सर्वांत अधिक नुकसान सोसतो. सीपीएलसाठी २०० तास लागतात, त्यांत १०० तास स्वतः मुख्य वैमानिक म्हणून असावे लागतात. आधी हौसेने शिकून पुढे नोकरीकडे वळणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की हे तास अर्जापूर्वीच्या पाच वर्षांतले असावे लागतात. फार जुने तास मोजले जात नाहीत.

विमान कंपनी हा एकच मार्ग नाही. प्रशिक्षक होणे हा सन्मानाचा आणि अनुभव वाढवणारा मार्ग आहे, आणि ज्यांना छोटी विमाने व शिकवणे दोन्ही आवडते, त्यांच्यासाठी तो कायमचाही असू शकतो. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल परवान्याला १५०० तास हवेत, ते याच काळात साठत जातात. मुक्त विद्यापीठातून का होईना, पण पदवी सोबत पूर्ण करावी. मुलींच्या पालकांना एवढेच सांगतो की महिला वैमानिकांचे प्रमाण भारतात जगाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. मुलीची रंगदृष्टी, गुण आणि चिकाटी पाहा, बाकीच्या शंकांवर वेळ घालवू नका.

हौसेची वाट निवडल्यास

पीपीएलचा खर्च पेलणार नसेल, तर पॅराग्लायडिंग हा आपल्या भागाला सर्वांत सोयीचा पर्याय आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गाने पुणे ओलांडले की मावळात कामशेत लागते, आणि तेथे काही दिवसांच्या प्राथमिक अभ्यासक्रमापासून सुरुवात करता येते. केवळ प्रशिक्षकासोबत बसून केलेल्या एका उड्डाणावरून मत बनवू नये. जमिनीवर छत्री सांभाळण्याचा कष्टाचा सराव आवडतो का, ते पाहावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एनसीसीच्या हवाई शाखेची चौकशी करावी, कारण तेथे कॅडेटना मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलक्या छोट्या, विमानातून उड्डाणाचा अनुभव मिळतो, तोही घरावर आर्थिक भार न टाकता.

ड्रोन हा या दोन्हींच्या मधला मार्ग आहे. १८ वर्षे वय आणि दहावी एवढ्या पात्रतेवर काही दिवसांच्या प्रशिक्षणानंतर रिमोट पायलट प्रमाणपत्र मिळते, आणि अथणी-चिकोडीच्या उसाच्या पट्ट्यात फवारणीचे काम मिळण्याची शक्यता आहे. सांबरा विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या आत मात्र निर्बंध लागू होतात, तेव्हा डिजिटल स्काय हा सरकारचा ड्रोनसाठीचा ऑनलाइन नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन उडवू नये.

वेळापत्रक कसे बांधावे

पीयूसीचा निकाल लागला की लगेच रंगदृष्टी आणि क्लास टू तपासणी करावी, नावांच्या दुरुस्त्यांचे अर्ज द्यावेत आणि क्लास वनची तारीख मागावी. पावसाळ्याचे चार महिने उड्डाणासाठी अनिश्चित असतात, ते रेग्युलेशन आणि मेटिऑरॉलॉजीच्या अभ्यासाला द्यावेत आणि याच काळात दोन-तीन संस्थांना भेटी द्याव्यात. ऑक्टोबरमध्ये आकाश मोकळे होऊ लागले की उड्डाण सुरू करावे. मग होळीपर्यंत हवामान सहसा साथ देते, आणि तेवढ्या काळात सोलोपर्यंत पोहोचणे नियमित जाणाऱ्याला शक्य असते. सोलो झाल्यावर महिनाभर थांबून, हिशेबाचा तोच कागद पुन्हा घरच्यांसमोर ठेवावा आणि पुढचा हप्ता सीपीएलसाठी भरायचा की पीपीएलपुरता, हे त्या बैठकीत ठरवावे.